मोटार विमा आणि स्थानिक परिस्थिती : विमादर, संरक्षणाची निवड व नुकसानभरपाई यांचा ऐतिहासिक मागोवा (१९३९ ते २०२२)

प्रस्तावना

मोटारगाडीचा विमा हा वरवर पाहता विमेदार आणि विमा कंपनी यांच्यातील खासगी करार वाटतो. प्रत्यक्षात त्याचे स्वरूप दुहेरी आहे. गाडीची मोडतोड, चोरी, आग किंवा पूर यांपासून मालकाला संरक्षण देणारा भाग हा खरोखरच करार आहे. रस्त्यावरील अन्य व्यक्तीला झालेल्या इजेची जबाबदारी उचलणारा भाग मात्र कायद्याने लादलेले कर्तव्य आहे. पहिला भाग ऐच्छिक, तर दुसरा सक्तीचा. या दोन्ही भागांवर स्थानिक परिस्थितीचा, म्हणजे शहराची दाटी, रस्त्यांची अवस्था, पाऊसपाणी, चोरीचे प्रमाण आणि लोकांचे प्रवासाचे मार्ग यांचा परिणाम होतो. परंतु तो सारख्याच रीतीने होत नाही.

भारतातील मोटार विम्याच्या इतिहासात 'स्थळ' या घटकाला कोठे व किती स्थान मिळाले, याचा विचार प्रस्तुत लेखात महाराष्ट्राच्या विशेष संदर्भात केला आहे. विम्याचा दर ठरवताना स्थळाला अल्पसे स्थान दिले गेले आणि तेही गाडीच्या नोंदणी कार्यालयापुरते. याउलट कोणते नुकसान भरून मिळेल, गाडीतील कोण संरक्षित असेल आणि बळीच्या कुटुंबाला किती रक्कम मिळेल, या प्रश्नांत स्थळाचा प्रभाव मोठा असूनही विमादराच्या रचनेत त्याची दखल फारशी घेतली गेली नाही, असे या इतिहासावरून दिसून येते.

सक्तीच्या विम्याचा उदय

इंग्लंडमध्ये १९३० च्या रस्ते वाहतूक कायद्याने त्रयस्थ व्यक्तीच्या इजेचा विमा सक्तीचा केला. तत्पूर्वी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १ जानेवारी १९२७ पासून अशी सक्ती अमलात आणली होती. भारतात १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातील आठव्या प्रकरणात इंग्लंडच्या धर्तीवर या तरतुदी आल्या. मात्र हे प्रकरण १ जुलै १९४६ रोजी अमलात आले. मधल्या काळात महायुद्ध होऊन गेले होते. स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्ये देशात नोंदलेल्या मोटार वाहनांची एकूण संख्या सुमारे ३ लाख ६ हजार एवढीच होती. मोटार हे तेव्हा मुख्यतः शहरातील सधन वर्गाचे, सरकारी खात्यांचे आणि व्यापारी पेढ्यांचे वाहन होते.

या कायद्याने गाडीमालकावर विम्याची सक्ती केली, परंतु विमा कंपनीची जबाबदारी अमर्याद ठेवली नाही. कलम ९५ मध्ये वाहनाच्या प्रकारानुसार रकमेच्या मर्यादा घालून दिलेल्या होत्या आणि त्या पुढे वेळोवेळी वाढवाव्या लागल्या. १९५६ च्या दुरुस्तीने राज्य सरकारांना मोटार अपघात दावा न्यायाधिकरणे स्थापण्याचा अधिकार मिळाला. त्यामुळे दिवाणी न्यायालयातील दीर्घकाळ चालणाऱ्या दाव्यांना पर्याय निर्माण झाला. तरीही चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याचा भार बळीच्या कुटुंबावरच होता. १९८२ च्या दुरुस्तीने प्रथमच दोषाचा विचार न करता मृत्यूसाठी १५ हजार आणि कायमच्या अपंगत्वासाठी ७,५०० रुपये देण्याची सोय झाली. १९८८ चा नवा कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्याने मृत्यू व शारीरिक इजा यांबाबत विमा कंपनीची जबाबदारी अमर्याद केली. मालमत्तेच्या नुकसानीची मर्यादा मात्र ६ हजार रुपये एवढी ठेवली.

या कायद्यांच्या मुळाशी एक तत्त्व आहे. ज्याच्याकडून हप्ता घेतला जातो तो गाडीमालक आणि ज्याला संरक्षण मिळते तो रस्त्यावरील माणूस, या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत. म्हणून सक्तीच्या विम्याचा दर मालकाच्या गावावर अवलंबून असू नये, अशी भूमिका भारतात पुढे कायम राहिली. एकाच क्षमतेच्या मोटारीला मुंबईत आणि गडचिरोलीत त्रयस्थ विम्याचा दर एकच. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात १००० घनसेंटिमीटरपर्यंतच्या खासगी मोटारीसाठी २,०९४ रुपये, १००० ते १५०० पर्यंत ३,४१६ रुपये आणि त्यावरील मोटारींसाठी ७,८९७ रुपये असे वार्षिक दर ठरले. त्यात इंजिनाच्या क्षमतेनुसार फरक आहे, स्थळानुसार नाही.

दरपत्रकातील भूगोल

ऐच्छिक भागाची कथा निराळी आहे. १९६८ च्या दुरुस्तीनंतर विमादर ठरवण्याचे काम टॅरिफ सल्लागार समितीकडे आले. १ जानेवारी १९७३ पासून सर्वसाधारण विमा व्यवसायाचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १०७ विमा कंपन्या चार सरकारी कंपन्यांत विलीन झाल्या. सर डोराबजी टाटा यांनी १९१९ मध्ये मुंबईत स्थापन केलेली न्यू इंडिया ही त्यांपैकी एक. या काळात दर एक, पॉलिसीची भाषा एक आणि विक्रेते चार, अशी स्थिती होती. स्पर्धा होती ती सेवेत, दरात नव्हे.

१९९९ च्या कायद्याने विमा नियामक प्राधिकरणाला वैधानिक अधिष्ठान मिळाले आणि खासगी कंपन्यांना प्रवेश खुला झाला, तरी मोटार विम्याचे दर काही वर्षे बांधलेलेच राहिले. १ जुलै २००२ पासून लागू झालेले अखिल भारतीय मोटार दरपत्रक हा या व्यवस्थेचा शेवटचा मोठा दस्तऐवज होय. त्यात खासगी मोटारींसाठी देशाचे दोन विभाग पाडण्यात आले. 'ए' विभागात अहमदाबाद, बंगलोर, चेन्नई, हैदराबाद, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली आणि पुणे ही आठ शहरे, तर 'बी' विभागात उर्वरित भारत. मालमोटारींसाठी निराळी, तीन विभागांची रचना होती. म्हणजे पुणे वगळता पश्चिम महाराष्ट्र, संपूर्ण विदर्भ, मराठवाडा, खानदेश, कोकण आणि गोवा हे सर्व प्रदेश विमादराच्या दृष्टीने एकच 'उर्वरित भारत' ठरले.

या विभागणीचे प्रत्यक्ष वजन किती होते, हे आकड्यांवरून कळते. पाच वर्षांपर्यंतच्या आणि १००० घनसेंटिमीटरपर्यंतच्या मोटारीला 'ए' विभागात विमामूल्याच्या ३.१२७ टक्के, तर 'बी' विभागात ३.०३९ टक्के दर होता. गाडीचे विमामूल्य ३ लाख रुपये धरल्यास मुंबई-पुण्याच्या मालकाला ९,३८१ रुपये आणि नांदेड किंवा रत्नागिरीच्या मालकाला ९,११७ रुपये मूळ हप्ता येई. फरक केवळ २६४ रुपयांचा, म्हणजे तीन टक्क्यांहूनही कमी. त्याच 'ए' विभागात इंजिनाची क्षमता १५०० च्या वर गेली की दर ३.४४० टक्के होई, म्हणजे दहा टक्क्यांनी वाढे; गाडी दहा वर्षांपेक्षा जुनी झाली की तो ३.३६२ टक्क्यांवर, म्हणजे सुमारे साडेसात टक्क्यांनी वर जाई. दरपत्रकाच्या लेखी गाडीचे वय आणि इंजिन यांना गावापेक्षा कितीतरी अधिक महत्त्व होते.

सवलतींच्या बाबतीतही हेच दिसते. पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेने मान्य केलेले चोरीरोधक साधन बसवल्यास अडीच टक्के सवलत मिळे, पण तिची कमाल मर्यादा ५०० रुपये होती. दिल्लीत गाडी रस्त्यावर उभी करणारा मालक आणि तालुक्याच्या गावी वाड्याच्या आवारात ती ठेवणारा मालक, दोघांनाही ही सवलत सारखीच. दावा न करणाऱ्यास मिळणारा नो क्लेम बोनस २० टक्क्यांपासून सुरू होऊन सलग पाच वर्षांनंतर ५० टक्क्यांपर्यंत जाई. म्हणजे विमेदाराच्या स्वतःच्या इतिहासाला हप्त्यात निम्म्यापर्यंत सूट आणि तो राहत असलेल्या गावाला तीन टक्क्यांहून कमी फरक, असा दरपत्रकाचा हिशेब होता.

नोंदणीचे ठिकाण आणि वापराचे ठिकाण

विभाग ठरे तो गाडीची नोंदणी ज्या कार्यालयात झाली त्यावरून. गाडी प्रत्यक्ष कोठे धावते यावरून नव्हे. १९८८ च्या कायद्यानुसार मालकाचे निवासस्थान किंवा व्यवसायाची जागा, जेथे गाडी सामान्यतः ठेवली जाते, तेथील कार्यालयात नोंदणी करणे आवश्यक होते. त्यामुळे नोंदणी आणि वापर यांचा मेळ बसेल अशी अपेक्षा होती. परंतु नोकरीनिमित्त साताऱ्याहून पुण्यात किंवा सांगलीहून मुंबईत आलेल्या कुटुंबाची गाडी जुन्याच क्रमांकावर वर्षानुवर्षे धावत राहणे, ही महाराष्ट्रात नित्याची बाब आहे. कायद्याने अन्य राज्यात बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ ठेवलेल्या गाडीला नवा क्रमांक घेणे बंधनकारक केले. राज्यांतर्गत स्थलांतरात पत्ताबदल कळवणे पुरेसे होते. परिणामी एम.एच. ११ किंवा एम.एच. १० ने सुरू होणारा क्रमांक पुण्याच्या वाहतूककोंडीत दररोज उभा राहिला, तरी दरपत्रक त्याला 'उर्वरित भारत'च मानी.

पुढे हा दुवा आणखी सैल झाला. २०१९ च्या दुरुस्तीने राज्यातील कोणत्याही नोंदणी कार्यालयात गाडी नोंदवण्याची तरतूद केली. २०२१ मध्ये बदलीच्या नोकऱ्या असणाऱ्यांसाठी 'बी.एच.' मालिका सुरू झाली. तिच्या क्रमांकावरून राज्यही ओळखू येत नाही. नागरिकांच्या सोयीच्या दृष्टीने हे बदल स्वागतार्हच आहेत. तथापि नोंदणी कार्यालयावरून जोखीम ओळखण्याची जुनी पद्धत त्यांमुळे अधिकच निरर्थक ठरते.

१ जानेवारी २००७ पासून स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचे दर मुक्त झाले. तेव्हापासून गाडीचे मॉडेल, नोंदणीचे शहर आणि दाव्यांचा पूर्वेतिहास पाहून कंपन्या आपापले दर ठरवू लागल्या. जुन्या दोन विभागांचा उल्लेख मात्र पॉलिसीच्या कागदावर पुढेही टिकून राहिला. जुलै २०२२ मध्ये नियामक प्राधिकरणाने गाडी किती चालवली आणि कशी चालवली यांवर आधारित हप्त्याची मुभा दिली. नोंदणीच्या जागेकडून वापराच्या वास्तवाकडे जाण्याचा हा उशिरा झालेला प्रयत्न होय. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात हा वाद १९८८ मध्येच मतपेटीपर्यंत पोहोचला होता. तेथे सार्वमताने संमत झालेल्या १०३ क्रमांकाच्या प्रस्तावानुसार चालकाची कामगिरी, वर्षभरातील अंतर आणि चालवण्याचा अनुभव यांना राहत्या वस्तीपेक्षा अधिक महत्त्व देणे बंधनकारक झाले. आपल्याकडे हा प्रश्न जाहीर चर्चेचा विषय झाला नाही, कारण दरातील फरकच नगण्य होता.

पूर, गंज आणि इंजिन : संरक्षणाची निवड

दरात स्थळाचे प्रतिबिंब फिकट होते. परंतु नुकसान कोणते भरून मिळणार, या प्रश्नात ते ठळकपणे उमटले. २००२ च्या प्रमाणित सर्वंकष पॉलिसीत पूर, वादळ, भूकंप, दरड कोसळणे, दंगल व संप या आपत्तींचा समावेश होता. झीज, घसारा, यांत्रिक अथवा विद्युत बिघाड आणि परिणामजन्य नुकसान मात्र वगळलेले होते. कोकण किनाऱ्यावरील खाऱ्या हवेने पत्रा गंजला, तर ती झीज. त्याची भरपाई नाही. आंबेनळी किंवा वरंध घाटात दरड कोसळून तोच पत्रा चेपला, तर भरपाई मिळू शकते. निसर्गाने हळूहळू केलेले नुकसान मालकाचे आणि अचानक केलेले कंपनीचे, असा हा न्याय आहे.

या वर्गीकरणाची कसोटी २६ जुलै २००५ रोजी मुंबईत लागली. सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली आणि हजारो गाड्या पाण्याखाली गेल्या. पूर पॉलिसीत समाविष्ट होता, त्यामुळे आसने, वायरिंग आणि अंतर्भागाच्या नुकसानीबाबत तत्त्वतः वाद नव्हता. वाद उद्भवे तो इंजिनाबाबत. इंजिनात हवेच्या मार्गाने पाणी शिरते. पाणी हवेसारखे दाबले जात नाही. अशा अवस्थेत गाडी सुरू करण्याचा प्रयत्न केला की कनेक्टिंग रॉड वाकतो व इंजिन जागच्या जागी अडकते. हे नुकसान पुराने झाले की मालकाने किल्ली फिरवल्यामुळे? कंपन्यांच्या दृष्टीने ते परिणामजन्य नुकसान होते, मालकाच्या दृष्टीने पुराचेच. पाण्यात अडकलेला माणूस गाडी सुरू करून बाहेर पडण्याचा प्रयत्न करणारच, ही स्वाभाविक गोष्ट पॉलिसीच्या भाषेत बसत नव्हती.

या पेचाचे उत्तर पुढे बाजारपेठेने दिले. २००९ पासून मूळ पॉलिसीला जोडून अतिरिक्त संरक्षण विकण्याची परवानगी मिळाली आणि इंजिन संरक्षण, शून्य घसारा यांसारखी जोडपत्रे प्रचारात आली. शून्य घसाऱ्याचे महत्त्व समजण्यासाठी मूळ नियम लक्षात घ्यावा लागतो. प्लास्टिक, रबर व नायलॉनच्या भागांवर ५० टक्के आणि धातूच्या भागांवर गाडीच्या वयानुसार वाढत जाणारा घसारा कापला जातो. शहरी वाहतुकीत बंपर व आरसे यांनाच वारंवार धक्का लागतो आणि तेच प्लास्टिकचे असतात. म्हणून हे जोडपत्र शहरी मालकाला लगेच उपयोगी वाटते.

मात्र धोका जेथे असतो तेथेच माहिती पोहोचते, असे नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा व पंचगंगेच्या महापुराने सांगली आणि कोल्हापूर, तर जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण पाण्याखाली गेले. ही तिन्ही शहरे जुन्या दरपत्रकाच्या 'बी' विभागातील, म्हणजे कमी जोखमीच्या मानलेल्या प्रदेशातील होती. हप्त्याची ही अल्प बचत पुराच्या वेळी कामाची नव्हती. कामाचे होते ते इंजिनाचे जोडपत्र. ते घ्यावयाचे की नाही, हा निर्णय बहुधा गाडी खरेदी करताना विक्रेत्याच्या टेबलावर किंवा नूतनीकरणाच्या वेळी एजंटाच्या सल्ल्याने, घाईघाईत होतो.

संरक्षणाच्या निवडीवर आणखी एका घटकाचा प्रभाव असतो. तो म्हणजे कर्ज. बँकेच्या कर्जावर घेतलेल्या गाडीला फेड पूर्ण होईपर्यंत सर्वंकष विमा ठेवण्याची अट असते. कर्ज फिटले आणि गाडीचे विमामूल्य उतरले, की अनेक मालक लोकभाषेतील 'फर्स्ट पार्टी' सोडून केवळ 'थर्ड पार्टी'वर येतात. पाच वर्षांच्या आत विमामूल्य नव्या किमतीच्या निम्म्यावर येते. गावच्या गॅरेजमध्ये स्वस्तात दुरुस्ती होते, कंपनीचे रोकडरहित गॅरेज जिल्ह्याच्या ठिकाणी असते. मग ऐच्छिक हप्ता भरावा कशाला, हा हिशेब त्यांच्या दृष्टीने चुकीचा नसतो. परंतु या निवडीचा परिणाम केवळ पत्र्यापुरता मर्यादित राहत नाही.

गाडीतील माणसे : अदृश्य तफावत

'त्रयस्थ' या शब्दाने रस्त्यावरील पादचारी, सायकलस्वार आणि दुसऱ्या वाहनातील माणसे यांचा बोध होतो. मालकाच्या स्वतःच्या गाडीत विनामूल्य बसलेला नातेवाईक वा शेजारी त्यात येतो काय? तिलक सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये असा निर्णय दिला, की केवळ कायद्यापुरत्या पॉलिसीत विनामूल्य बसलेल्या प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही. बालकृष्णन प्रकरणात २०१२ मध्ये न्यायालयाने 'कायद्यापुरती' आणि 'सर्वंकष' या दोन पॉलिसींतील भेद स्पष्ट केला. सर्वंकष पॉलिसीत खासगी मोटारीतील प्रवासी संरक्षित असतात. याचा अर्थ असा, की मालकाने पत्र्याचा हिशेब करून सर्वंकष विमा सोडला, तर गाडीत बसणाऱ्या माणसांचे संरक्षणही त्याबरोबर गेले. बहुसंख्य मालकांना या परिणामाची कल्पना नसते.

ग्रामीण महाराष्ट्रात ही तफावत अधिक गंभीर होते, कारण तेथे गाडी एकट्याची नसते. एस.टी.ची फेरी नसलेल्या गावी रुग्णाला दवाखान्यात नेणे, बाजाराला जाणे, लग्नाला जाणे या साऱ्यांसाठी शेजाऱ्याची जीपच उपयोगी पडते. खासगी नोंदणीची जीप भाडे घेऊन 'वडाप' म्हणून चालवली, तर पॉलिसीतील वापराच्या मर्यादेचा भंग होतो, कारण खासगी मोटारीच्या पॉलिसीत भाड्याने वाहतूक वगळलेली असते. गोव्यात पर्यटकांना परस्पर भाड्याने दिलेल्या खासगी गाड्यांनाही हेच लागू पडते. सार्वजनिक वाहतुकीची उणीव किंवा पर्यटनाचा हंगाम ही स्थानिक परिस्थिती. तिच्यातून निर्माण झालेला वापर पॉलिसीबाहेरचा. आणि परिणाम भोगावा लागतो तो भाडे देऊन बसलेल्या प्रवाशाला.

मालवाहू वाहनांच्या बाबतीत हा प्रश्न न्यायालयांत वारंवार आला. वऱ्हाड टेम्पोतून जाणे, यात्रेसाठी ट्रकमध्ये बसणे, ऊसतोडणी मजुरांचा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून सहकुटुंब प्रवास, ही दृश्ये महाराष्ट्रात परिचयाची आहेत. सत्पाल सिंग प्रकरणातील १९९९ च्या निर्णयाने मालवाहू वाहनातील विनामूल्य प्रवाशांनाही संरक्षण मिळाल्यासारखे झाले होते. आशा राणी प्रकरणात २००२ मध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाने तो निर्णय फिरवला. १९९४ च्या दुरुस्तीनुसार वाहनातील मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी संरक्षित आहे. सोबत बसलेले वऱ्हाडी नाहीत. ब्रिज मोहन प्रकरणात २००७ मध्ये ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून प्रवास करणाऱ्या मजुराच्या दाव्यात न्यायालयाने विमा कंपनीची जबाबदारी अमान्य केली. तथापि कंपनीने आधी रक्कम द्यावी आणि नंतर ती मालकाकडून वसूल करावी, असा आदेश दिला. 'आधी द्या, मग वसूल करा' ही वाट म्हणजे कायद्याची भाषा आणि गावातील वास्तव यांमधील दरी बुजवण्याचा न्यायालयीन प्रयत्न आहे. ती प्रत्येक दाव्यात मिळेलच, याची हमी नाही.

भरपाईतील स्थळ

त्रयस्थ विम्याचा दर देशभर समान असला, तरी त्यातून मिळणारी भरपाई समान नसते. भरपाईचा मूळ आधार मृताचे उत्पन्न हा आहे. पुण्यातील पगारदार व्यक्तीच्या कुटुंबाकडे वेतनपत्र आणि आयकराची कागदपत्रे असतात. बीडमधील शेतमजुराच्या विधवेकडे यांपैकी काहीच नसते. तेव्हा न्यायाधिकरणाला किमान वेतन किंवा कल्पित उत्पन्न धरून चालावे लागते. १९९४ च्या दुरुस्तीने जोडलेल्या दुसऱ्या अनुसूचीत उत्पन्न नसलेल्या व्यक्तीचे कल्पित वार्षिक उत्पन्न १५ हजार रुपये धरले होते, तर कमावत नसलेल्या पत्नीचे उत्पन्न पतीच्या उत्पन्नाच्या एक-तृतीयांश. २०१० मध्ये अरुणकुमार अग्रवाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या श्रमाच्या अशा मूल्यमापनावर टीका केली. हे आकडे मात्र कायद्याच्या पुस्तकात २०१८ पर्यंत तसेच राहिले. त्या वर्षी अनुसूची बदलून दोषाचा विचार न करता मृत्यूसाठी ५ लाख रुपये अशी ठोक रक्कम ठरवण्यात आली.

दावा कोठे दाखल करावयाचा, हाही स्थळाचाच प्रश्न आहे. अपघात नाशिकजवळच्या महामार्गावर आणि कुटुंब परभणीचे, अशी स्थिती असल्यास प्रत्येक तारखेला नाशिक गाठणे अशक्य होई. १९९४ च्या दुरुस्तीने दावेदार राहतो तेथील न्यायाधिकरणात दावा दाखल करण्याची मुभा दिली आणि सहा महिन्यांची मुदतही काढून टाकली. ही दुरुस्ती ग्रामीण दावेदारांच्या दृष्टीने अत्यंत मोलाची ठरली. २०१९ च्या दुरुस्तीने मात्र सहा महिन्यांची मुदत परत आणली आणि १ एप्रिल २०२२ पासून ती लागू झाली. तिच्या वैधतेला न्यायालयात आव्हान देण्यात आले आहे. पोलीस पंचनामा, शवचिकित्सा अहवाल, वारसाचा दाखला हे सारे तालुक्याच्या कचेऱ्यांतून सहा महिन्यांत मिळवणे शहरी कुटुंबालाही कठीण. मग हंगामी स्थलांतर करणाऱ्या मजुराच्या कुटुंबाची कथा सांगावयास नको.

येथे एक विरोधाभास लक्षात येतो. जुन्या दरपत्रकाने महानगरांना अधिक जोखमीचे मानले, कारण तेथे लहान धडका व चोऱ्या अधिक. परंतु केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश मृत्यू ग्रामीण भागात झाले. पत्रा चेपतो तो मुख्यतः शहरात, माणूस मरतो तो मुख्यतः गावाकडच्या रस्त्यावर. विम्याच्या भूगोलाने पत्र्याचा नकाशा काढला. माणसांचा काढला नाही. शिवाय विमा सक्तीचा असूनही रस्त्यावरील वाहनांपैकी निम्म्याच्या आसपास वाहने विम्याविना धावतात, आणि त्यांत दुचाकींचा वाटा मोठा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीस तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीस पाच वर्षांचा त्रयस्थ विमा एकदमच घेणे बंधनकारक झाले, ते याच कारणाने.

समारोप

१९३९ ते २०२२ या कालखंडाचा आढावा घेता तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, सक्तीच्या विम्याचा दर देशभर एक ठेवण्याचे धोरण तत्त्वतः योग्य होते. दुर्गम भागातील वाईट रस्त्यांची किंमत तेथील गाडीमालकाने अधिक हप्त्याच्या रूपाने मोजावी, ही कल्पना न्यायाला धरून नाही. तसे केल्यास विम्याविना धावणाऱ्या गाड्याच वाढतील. दुसरी, ऐच्छिक विम्यात स्थळाला दिलेले स्थान नाममात्र होते आणि ते नोंदणी कार्यालयावर आधारलेले असल्याने वास्तवाशी त्याचे नाते सैल राहिले. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, समान दर म्हणजे समान संरक्षण नव्हे. पुराच्या पट्ट्यातील मालकाला इंजिनाचे जोडपत्र, वडापच्या गावातील प्रवाशाला पॉलिसीतील वापराची मर्यादा आणि मजुराच्या कुटुंबाला उत्पन्नाचा पुरावा, या तीन ठिकाणी स्थानिक परिस्थिती विम्याचा खरा अर्थ ठरवते.

यावर उपाय दर वेगळे करण्यात नाही, तर किमान संरक्षणाची व्याख्या विस्तारण्यात आहे. खासगी गाडीत बसलेल्या प्रत्येक व्यक्तीस कायद्यापुरत्या पॉलिसीतही संरक्षण मिळाले, तर दरमाणशी थोड्याशा अधिक हप्त्याने सर्वांत दुर्बल दावेदाराची सोय होईल. पॉलिसीतील वगळलेल्या बाबी विमेदाराच्या भाषेत, ठळकपणे, पहिल्याच पानावर छापल्या गेल्या पाहिजेत. दाव्याची मुदत ठरवताना शहरातील वकिलाची सोय नव्हे, तर तालुक्याच्या कचेरीत दाखल्यासाठी खेटे घालणाऱ्या वारसाची अडचण प्रमाण मानावी लागेल. विमादराचा इतिहास हा अखेरीस कोणाच्या जोखमीची मोजदाद झाली आणि कोणाची राहून गेली, याचा इतिहास आहे; आणि राहून गेलेली नावे प्रामुख्याने 'उर्वरित भारता'तील आहेत.